दोन बोटं कमी

४ तारीख, मंगळवार, दुपार

भिंगरे,

पत्राच्या मायन्यात धाकट्यांना ‘चिरंजीव’ लिहायची रीत आहे. तो शब्द लिहायला घेतला आणि हात थांबला. कारण आज सकाळीच मला कळलं की आपल्या घरातली धाकटी मुलगी सोळाव्या वर्षी वारली. आणि कागदोपत्री आपल्या घरातली धाकटी मी आहे.

तर मी मेले. अडतीस वर्षं झाली म्हणे. मला कुणी साधं कळवलंसुद्धा नाही.

नीट सांगते. साडेनऊला दाराची घंटा वाजली. मी गुडघ्यावर गरम पाण्याची पिशवी धरून बसले होते, आमचे हे बाजारात गेले होते. लंगडत जाऊन दार उघडलं तर चाळिशीचा एक माणूस, गळ्यात कॅमेरा, काखेत जाडजूड फाईल. आपलीच भाषा बोलत होता, पण पुस्तकातून शिकलेली. म्हणाला, “क्षमा असावी. विख्यात नर्तिका आणि गायिका यांचं बालपण याच घरात गेलं का?” आणि त्याने नाव घेतलं. माझं नाव, भिंगरे. आईने ठेवलेलं, आणि आई गेल्यापासून या घरात कुणीही न उच्चारलेलं. क्षणभर वाटलं, माझ्याकडेच काही काम असेल याचं. ‘ओ’ द्यायला तोंड उघडलं आणि मग भानावर आले. नाव माझं असलं तरी विख्यात तू आहेस.

“आपण कोण?” त्याने विचारलं.

“मी भाडेकरू,” मी म्हटलं. “त्यांच्या आईच्या हाताखाली शिवण शिकले. त्या गेल्यावर ही जागा मला मिळाली.”

बघ, थाप मारायला मला अजून विचार करावा लागत नाही.

तो तुझं चरित्र लिहितोय. चार वर्षं तुझ्या मागे फिरतोय म्हणाला, रंगपटात बसतो, दौऱ्यावर येतो. मी त्याला पाणी दिलं, बसायला आईची शिवणाची खुर्ची दिली. त्याने फाईल उघडली आणि अगदी हवापाण्याची चौकशी करावी तसं विचारलं, “त्यांना एक धाकटी बहीण होती. ती सोळाव्या वर्षी वारली. त्याबद्दल आपल्याला काही ठाऊक आहे काय?”

मी पिशवी घट्ट धरून बसून राहिले. त्याला वाटलं मला वाईट वाटलं. “आपण ओळखत होता वाटतं तिला,” म्हणाला. मी म्हटलं, “थोडीफार.”

आता मी तुला आठवण करून द्यायची का, कसं झालं ते? परदेशातल्या त्या कंपनीने आपल्या नाटकमंडळीतून एकच मुलगी निवडली होती. गाणारी आणि नाचणारी हवी, अठराच्या वरची हवी. मी एकोणीस, तू सोळा. गाणं माझं, नाच तुझा, पण मी नाचही बरा करायची, म्हणून निवड माझी. करारावर सही झाली, कागदपत्रं आली, आणि जायच्या आठवड्यात मला ताप भरला. एकशे चार. शनिवारची गाडी. आई म्हणजे कपडेपटाची मालकीण, पोशाखांच्या त्या खोलीतच तिचा जन्म गेलेला. तिथला नियम आपल्याला बाराखडीच्या आधी पाठ: नट आजारी पडला की ज्याच्या अंगाला पोशाख बसेल तो उभा राहतो. पडदा कुणासाठी थांबत नाही. आईने माझे पोशाख तुझ्या अंगावर चढवले, दोन्ही बाजूंनी आवळले, आणि माझे कागद तुझ्या हातात दिले. फोटोत तर आपण दोघी इतक्या सारख्या, की आपली आपल्यालाच ओळख पटत नसे. तीन महिन्यांचा दौरा. परत आलीस की ज्याचं त्याला. एका प्रयोगापुरती बदली करतात तशी आपल्या घराने एका मुलीची बदली केली, आणि कुणाला त्यात वावगं वाटलं नाही. तूही हसत हसत गेलीस.

तीन महिने संपलेच नाहीत. माझं नाव तिकडे दिव्यांच्या पाटीवर चढलं. माझ्यापाशी राहिले तुझे कागद. त्यांवर मी नोकरी धरली, त्याच कपडेपटात. त्यांवर लग्न केलं. नवरा तीस वर्षं मला तुझ्या नावाने हाक मारतोय. खऱ्या वयाने मी पुढच्या वर्षी निवृत्त झाले असते, पण तुझ्या वयाने आणखी चार वर्षं हे गुडघे घासायचे आहेत. एवढं सगळं मुकाट सोसलं. तक्रार केली कधी? एकदा केली, ते पत्र सोड. पण म्हणून सख्ख्या बहिणीला मारून टाकायचं? पुस्तकात छापून?

चरित्रवाल्याच्या कार्डावर तुझ्या नाट्यगृहाचा पत्ता आहे. हे पत्र आत्ता, चपला घालून, पेटीत टाकून येते. थांबले तर टाकणार नाही.

तुझी
मयत बहीण

९ तारीख, रविवार, संध्याकाळ

भिंगरे,

पेटीत पत्र पडल्याचा आवाज आला तेव्हाच वाटलं, हात घालून परत काढावं. असो. बाण सुटला.

चरित्रवाला आज परत आला होता. या वेळी हे घरी होते. हे नाट्यगृहात प्रॉम्प्टर आहेत, विंगेत बसून नटांना विसरलेली वाक्यं पुरवतात, आणि घरी अजिबात बोलत नाहीत, कारण दिवसभर दुसऱ्यांचं बोलून झालेलं असतं. ते पेपर तोंडासमोर धरून बसले. मी आपली भाडेकरूच.

त्याने फोटो दाखवले. पहिल्या फोटोत बारा मुली, तू शेवटच्या रांगेत, अंगात माझा निळा झगा. गळ्याची पट्टी मी लावलेली, थोडी तिरकी, अजून ओळखू आली. मग एकात केस कापलेले. एकात तू कुठल्याशा जिन्यात बसून नाचाचे बूट मऊ करायला पिरगाळतेयस. मग मोठमोठी सभागृहं, उभी राहिलेली माणसं, फुलं. एकात एक गोरा उंच माणूस तुझ्या खांद्यावर हात ठेवून. “हे पहिले पती,” तो म्हणाला. पहिले. मी बोटं मोजत बसले. म्हणजे दुसरेही आहेत तर. मला तुझ्या एका लग्नाची बातमी नाही आणि हा परका माणूस आकडे सांगतोय. कमरेचं हाड बदलल्याचंही त्यानेच सांगितलं, आणि बदललेल्या हाडावर तू अजून नाचतेस हेही.

मग तो पहिल्या वर्षाबद्दल सांगायला लागला. करारात ‘गाणारी’ लिहिलेलं, आणि तुझा आणि सुरांचा छत्तीसचा आकडा. आपल्या घरात तू गायला लागलीस की आई मशीन जोरात चालवायची. तिकडे तू रंगमंचावर तोंड उघडायचीस आणि आत काही नाही. तो म्हणाला, ज्या दिवशी सूर चुकेल त्या दिवशी कंपनीचा मालक जेवायला देत नसे. आठ महिने असं चाललं. नाट्यगृहाच्या तळघरात धुलाईची मोठी यंत्रं होती. ती चालू असताना तू त्यांच्या मध्ये उभी राहून ओरडून ओरडून गळा तयार केलास, म्हणजे कुणाला ऐकू जाऊ नये. तो हे कौतुकाने सांगत होता, थोर माणसाच्या कष्टाची गोष्ट म्हणून. तू आईला लिहायचीस, ‘इथे खाण्यापिण्याची चंगळ आहे, मी जाड झालेय.’ आई ते पत्र गिऱ्हाइकांना वाचून दाखवायची.

“आणि मग ते गीत,” चरित्रवाला म्हणाला. एकदा भर प्रयोगात तू शब्द विसरलीस. वाद्यं पुढे निघून गेली. तू नाच थांबवून जमिनीवर बसलीस आणि काहीतरी आपल्या भाषेतलं म्हणायला लागलीस, ताल टाचेने धरून. त्या दिवसापासून तू शेवटच्या रांगेत राहिली नाहीस. आजही प्रत्येक प्रयोग तू त्याच गाण्याने संपवतेस. एक अक्षर कळत नाही अशी हजार माणसं रडतात.

त्याने ते लावलं.

मी गळा कमावलेली बाई. पहिल्या सुराला नाक मुरडलं, खोटं कशाला बोलू. फाटका, कोरडा, खरवडल्यासारखा आवाज. मग शब्द ऐकू आले.

‘खांदा, दोन बोटं कमी. छाती, दोन बोटं कमी. कंबर, दोन बोटं कमी. घेर राहू दे. घेर राहू दे.’

“यावर पुष्कळ लिहिलं गेलं आहे,” चरित्रवाला म्हणाला. “विद्वानांच्या मते हे मृत्यूचं रूपक आहे. देह कणाकणाने कमी होत जातो, आणि घेर म्हणजे जीवनाचं चक्र, ते मागे उरतं.”

मला हसू आवरेना. “रूपक कसलं डोंबलाचं,” मी म्हटलं. “शिवण आहे ती. आई मापं सांगतेय.”

त्याने पेन्सिल उचलली. “कुणाची मापं?”

आणि माझं हसू विरलं. माझी, भिंगरे. माझ्या मापाचे पोशाख तुझ्या अंगावर आवळताना आई तोंडात टाचण्या धरून जे म्हणत होती, ते. मी पलंगावर पडून शब्दन् शब्द ऐकलेला. तू रोज हजार माणसांसमोर तेच म्हणतेस. वर्षानुवर्षं. मला वाटलं होतं तू तो दिवस कधीच विसरली असशील.

“काय झालं?” त्याने विचारलं. मी म्हटलं, “गुडघा.”

जाताना त्याने एक लिफाफा टेबलावर ठेवला. म्हणाला, “एक पान आहे. धाकट्या बहिणीच्या मृत्यूचं. मला त्यातलं एक वाक्य उलगडत नाही. इथला पत्ता बाईंनीच दिला. म्हणाल्या, ‘तिथे जी बाई राहत असेल तिला हे वाचायला द्या. ती म्हणेल तसं छापा.’”

“जी बाई राहत असेल तिला? अशा म्हणाल्या?”

“हो. नाव नाही सांगितलं.”

म्हणजे तुला ठाऊक आहे मी इथे आहे. मला मेलेली ठरवलंस आणि मलाच विचारायला माणूस पाठवलास.

लिफाफा अजून उघडलेला नाही. उद्याच्या प्रयोगाचे बावीस अंगरखे इस्त्रीचे राहिलेत. ते आधी.

११ तारीख, मंगळवार, सकाळ

वाचलं.

तुझं पान इथे उतरवून काढते. मी नीट वाचलं ना, याची मलाच खात्री नाही.

‘एका घरात दोन बहिणी होत्या. मोठीला परदेशी जायचं होतं. त्या आठवड्यात घरात ताप आला. मोठीचा ताप इस्त्रीवर चढला होता. धाकटीने ते पडद्याच्या फटीतून पाहिलं आणि कुणाला सांगितलं नाही. ताप मोठीला आला आणि वारली धाकटी, शनिवारी, सोळा वर्षांची. तिला सगळे भिंगरी म्हणत. तिला गाता येत नसे.’

बाजूला चरित्रवाल्याच्या अक्षरात पेन्सिलीने, ‘इस्त्री? ताप मोठीला, मृत्यू धाकटीला कसा? तपासणे.’

तू पाहिलं होतंस.

आज कामावर जात नाही. यांना सांगितलं, बरं नाही. यांनी कपाळाला हात लावून पाहिला आणि म्हणाले, “ताप तर नाही.” मी भिंतीकडे तोंड करून पडले.

१२ तारीख, बुधवार

भिंगरे,

काल लिहिता आलं नाही. आज सगळं लिहिते. मध्ये थांबवायला तू समोर नाहीस, तेवढी सोय आहे.

मला ताप नव्हता.

आई पाणी भरायला गेली होती. मेजावर इस्त्री तापत ठेवलेली. मी तोंडातला थर्मामीटर काढून इस्त्रीला टेकवला. पारा असा उसळला की काच फुटायची तेवढी राहिली. झटकून झटकून एकशे चारवर आणला आणि आईची पावलं वाजली तशी परत तोंडात धरला. जीभ भाजली. तीन दिवस तेच केलं. अंग तापलेलं वाटावं म्हणून गरम पाण्याच्या पिशव्या पांघरुणात घेतल्या. नाटकवाल्यांच्या घरची मी, सोंग वठवायला कितीसा वेळ लागतो.

का केलं म्हणशील तर कारण काही मोठं नाही, हीच त्यातली लाजिरवाणी गोष्ट. कुणी मुलगा होता म्हणावं तर तेही नाही. मला भीती वाटली. अनोळखी खोली, अनोळखी माणसं, एकटीने गायचं. बस्स, एवढंच. करारावर सही करताना मीच पुढे पुढे नाचत होते, आणि बॅग उघडी पडलेली पाहिली तशी पांघरुणात शिरले. आईला ‘मला नाही जायचं’ म्हणायची हिंमत नव्हती. मला वाटलं, ताप पाहून दौरा रद्द होईल. आई तुला उभी करेल हे डोक्यात आलं नव्हतं. आणि आलं तेव्हा मी गप्प राहिले. हे वाक्य मी अडतीस वर्षांत मनातसुद्धा पुरं केलेलं नाही.

आणि पहिल्या पत्रात मी लिहिलं ना, की तू हसत हसत गेलीस? खोटं. तू दाराची चौकट दोन्ही हातांनी धरलीस. म्हणालीस, “ताई, मला नको पाठवू. मला गाता येत नाही.” आईच्याने ते बघवेना, ती बाहेर गाडीपाशी जाऊन उभी राहिली. तेव्हा मी, एकशे चार तापाची मी, पलंगावरून उठून आले आणि तुझी बोटं चौकटीवरून एकेक करून सोडवली. तू माझ्या हातांकडे बघत होतीस. गार होते ना माझे हात? मला वाटलं, रडून दमली म्हणून गप्प झाली पोर. तू तर सगळं जाणून गप्प झाली होतीस.

एक शब्द बोलली असतीस तर आईने मला फटके देऊन गाडीत कोंबलं असतं. सोळा वर्षांची तू. का नाही बोललीस? कालपासून डोकं आपटून घेतेय या प्रश्नावर. उत्तर मला माहीत आहे, ते लिहायला हात धजत नाही. मी किती घाबरलेय ते तू पाहिलंस, म्हणून.

आणि मी काय केलं? मी माझी समजूत घातली, की मी तुला माझी संधी दिली. त्याग केला. तुझं नाव छापून आलं की मी मनातल्या मनात म्हणायची, बघा, मी जागा सोडली म्हणून. आई गेल्यावर तर पित्त खवळलं आणि तुला ते पत्र लिहिलं. तुझ्याकडे अजून असेल की नसेल, मला पाठ आहे. ‘माझं नाव मला परत दे आणि तुझ्या नावाने जग.’ त्यानंतर तुझं पत्र आलं नाही. येणार कसं? अनोळखी देशात तुझ्यापाशी माझ्या नावाखेरीज होतं काय? स्वतःचं तर इथे ठेवून गेली होतीस. आणि मी ते वापरून बसले होते.

आठ महिने, भिंगरे. यंत्रांच्या मध्ये उभी राहून, उपाशी. मी तेव्हा इथे बसून गळा शाबूत ठेवायला कोमट पाणी पीत होते. पुन्हा कधी चारचौघांत गायले नाही, तो भाग वेगळा.

ताई

२३ तारीख, रविवार, सकाळ

भिंगरे,

मधल्या दिवसांत तीन माणसांशी बोलले. क्रमाने सांगते.

आधी यांच्याशी. जेवण झालं, ताटं उचलली, आणि उभ्याउभ्याच सांगून टाकलं, की ज्या नावाने तीस वर्षं हाक मारताय ते माझं नाही. माझं खरं नाव हे. मला वाटलं, आभाळ कोसळेल. यांनी पाण्याचा घोट घेतला, मग म्हणाले, “तरीच.”

“तरीच काय?”

“हाक मारली की तू एक श्वास उशिरा वळतेस. पहिल्या दिवसापासून. मी प्रॉम्प्टर माणूस, मला तेवढं कळतं. वाटायचं, हिला कमी ऐकू येत असेल.” पाण्याचं भांडं खाली ठेवत म्हणाले, “आता काय म्हणू?” मी म्हटलं, जे सोयीचं पडेल ते. त्यांनी माझं नाव एकदा घेऊन पाहिलं. मी धुणं वाळत घालायला गॅलरीत गेले आणि तिथे बराच वेळ रडले.

मग नाट्यगृहाच्या व्यवस्थापकाशी. तो बिचारा आ वासून बसला. “अहो, असं कसं चालेल, मी वर काय कळवू?” कळव म्हटलं जे आहे ते. नोकरीचं काय होईल सांगता येत नाही. कदाचित काढतील, कदाचित खऱ्या वयाने पुढच्या वर्षी सन्मानाने घालवतील. खरं बोलल्याचा पहिला फायदा गुडघ्यांना व्हायचा असं दिसतं.

तिसरा चरित्रवाला. काल बोलावून घेतला. आधी त्याला एकच विचारलं, की हे छापून आलं तर तिला त्रास होईल का, कागद खोटे म्हणून तिला कुणी काही करेल का. तो म्हणाला, “बाईंनी वकिलाला दाखवून झालंय. मला म्हणाल्या, मोडक्या हाडाच्या म्हातारीला परत पाठवून कुणाला काय मिळणार? इथल्यांना मी हवी आहे, नाव काहीही असो.” मग मात्र मी त्याला म्हटलं, लिही. भाडेकरू नाही मी. मी मोठी. मोठीला ताप नव्हता. तिने इस्त्रीवर पारा चढवला, कारण ती घाबरली होती. धाकटीला जायचं नव्हतं, तिने तसं सांगितलं होतं, आणि मोठीने तिची बोटं स्वतःच्या हाताने सोडवून तिला पाठवलं. त्याचा चेहरा पाहण्यासारखा झाला होता. चार वर्षं तुझ्या मागे फिरून तो निम्मंच चरित्र लिहीत होता, ते त्याला आईच्या शिवणाच्या खुर्चीत बसून कळलं. पान पुरं झाल्यावर मी खाली सही केली. माझ्या नावाची सही. पहिली वाकडी आली, म्हणून दुसरी केली.

“आता धाकटीचं काय लिहू?” त्याने विचारलं. “वारली हे खोडू?”

मी हो म्हणणार होते. तोंड उघडलंसुद्धा. पण मग वाटलं, हेही मीच ठरवायचं? आईने ठरवलं, मी ठरवलं, मालकाने ठरवलं. त्याला म्हटलं, “तेवढी ओळ मोकळी ठेव. ती आहे ना अजून. तिला विचार.”

म्हणून हे शेवटचं पत्र त्याच्याबरोबर पाठवतेय, पेटीत न टाकता. तुझे कागद लिफाफ्यात आहेत, जन्माचा दाखला आणि शाळेचा. जीर्ण झालेत, उघडताना सांभाळ. त्या नावाने काय करायचं ते तुझं तू बघ. माझं नाव तू ठेवलंस तरी मला चालेल, खरंच चालेल. तू ते माझ्यापेक्षा बरं वापरलंस.

माफ कर असं लिहिणार नाही. ते शब्द लिहिले की तुझ्यावर उत्तराचं ओझं पडतं, आणि तुझ्यावर घातलेली ओझी पुष्कळ झाली.

तेव्हा तुला कुणी विचारलं नव्हतं, जायचंय का. आता मी विचारते, यायचंय का? चार दिवसांसाठी, कायमचं, किंवा नुसतं दारातून बघून जायला. जागा आहे. घाई नाही. आणि मनात नसेल तर एका शब्दात कळव. तुझं ‘नको’ मी या वेळी ऐकेन.

ताई